सुट्टीच्या दिवशी पेटलेला बॉयलर

एकही मशीन चालवायचं नाही, एकही चादर धुवायची नाही, आणि तरी बॉयलर पेटवायचा, हे थोरल्यांना अजिबात पटलं नव्हतं. "पाहुणे नाहीत, जेवणारं कुणी नाही, आणि आपण चूल पेटवून बसलोय," असं ते सकाळपासून येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होते. पण त्यांच्या वडिलांनी, आबांनी, होकार दिला होता. लाँड्री उभी केली ती आबांनी. त्यांच्या होकारावर फुली मारायची अजून कुणाची टाप नव्हती.

आबा घड्यांच्या लांबलचक टेबलाशी खुर्ची ओढून बसले होते. एरवी त्या टेबलावर हॉस्पिटलांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल यांच्या चळती असत. आज तिथे चहाचा थर्मास होता, बिस्किटं होती आणि आबांचं कानाला लावायचं मशीन होतं. ते त्यांनी काढून ठेवलं होतं. "सगळे बोलायला लागले की लावतो," ते म्हणाले होते.

थोरल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. उद्या बॉयलरच्या एजंटला होकार कळवायचा होता. नव्या हॉस्पिटलाचं काम त्यांनी धडपडून मिळवलं होतं आणि पुढच्या महिन्यापासून ते सुरू व्हायचं होतं. आत्ताच सकाळच्या वेळेला वाफ पुरत नव्हती. इस्त्रीचा मोठा रोलर थंड पडे, चादरी दमट निघत, मग त्या पुन्हा फिरवाव्या लागत. मोठा बॉयलर घ्यायचा हे सरळ दिसत होतं. घरात कुणाची तक्रारही नव्हती. पण चार दिवसांपूर्वी धाकट्या भावाच्या मुलीने जेवता जेवता म्हटलं होतं, "बॉयलर पुरेसा आहे, काका. वाफ जाते कुठे ते आधी बघा."

ही मुलगी म्हणजे चिमणी. जन्मली तेव्हा मूठभर होती, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं. पुढे ती ऊर्जा व्यवस्थापन शिकायला लागली, कारखान्यांच्या धुराड्यांत नळी घालून धूर तपासायला लागली, तेव्हा आत्या म्हणाली, "नाव दोन्ही अर्थांनी बसलं बघा." आता तिचं शेवटचं वर्ष होतं. पुढचे सहा महिने परगावी कागदाच्या कारखान्यात प्रशिक्षण, मग ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

थोरल्यांना मूलबाळ नव्हतं. ही पोर लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून बिलांवर शिक्के मारायची. एक ना एक दिवस ती ऑफिसातल्या शेजारच्या खुर्चीत बसणार, हे त्यांनी कुणाला न विचारता मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून त्या दिवशी जेवणावर त्यांनी अट घातली. "तुझं खरं निघालं तर बॉयलर रद्द, आणि तू खुशाल जा तुझ्या कागदाच्या कारखान्यात. खोटं निघालं तर हे खूळ सोडायचं आणि माझ्या शेजारी येऊन बसायचं."

चिमणी हो म्हणाली नव्हती. पण आबांनी मान डोलावली, आणि घराच्या लेखी विषय संपला.

"झालं का तुझं?" थोरल्यांनी आता हाक मारली.

"बाबा वाफ चढवतायत. चढली की सुरू," आतून उत्तर आलं.

बॉयलरखान्याच्या दारात चिमणीची आई उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती या दाराच्या आत पाऊल टाकत नसे. आत तिचा नवरा काचेच्या नळीतल्या पाण्याकडे बघत उभा होता. डाव्या हाताने तो पंपाचा दांडा धरत होता आणि त्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी होती. काही वर्षांपूर्वी एका व्हॉल्व्हच्या गळ्यातून वाफ सुटली होती. चिमणी तेव्हा शाळेत जात होती. वाफ डोळ्यांना दिसत नाही हे आईला त्या दिवशी कळलं. जे पांढरं दिसतं ते विझत आलेलं. भाजते ती आधीची, न दिसणारी. हे तिला डॉक्टरांनी सांगितलं आणि तेव्हापासून तिचा कशावरच विश्वास राहिला नाही.

आणि आता मुलगी तेच घेऊन बसली होती. एका बॉयलरने भागलं नाही म्हणून की काय, गावोगावचे बॉयलर तपासायला निघाली होती.

"वहिनी, बिस्किट घ्या," आत्या मागून आली. ती भावंडांत सगळ्यांत धाकटी. सुकवणं आणि इस्त्री हा तिचा विभाग. "असा चेहरा करून उभ्या राहू नका. परीक्षा तिची आहे, तुमची नाही."

"वन्सं, तुम्हीच फूस लावलीत तिला."

"मी? मी नुसतं म्हटलं की रोलरपाशी उन्हाळ्यात माणूस शिजतं. ती म्हणाली, मग ती उष्णता कुणाच्या कामाची आत्या? ती रोलरच्या आत हवी, तुझ्या अंगावर कशाला? मला पटलं. इतकी वर्षं मला कुणी असं विचारलंच नव्हतं."

"मला ती ऑफिसात बसलेली चालेल," आई म्हणाली. "पंख्याखाली. खुर्चीत. आज भाऊजींचं खरं ठरू दे, एवढंच माझं मागणं आहे."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. "लेकीने हरावं म्हणून उभ्या आहात?"

आईने नजर आतल्या काट्याकडे वळवली.

बर्नर बंद झाला तसं सगळं एकदम शांत झालं. वाफेचा काटा हवा तिथे पोचला होता. चिमणीने केस घट्ट बांधले आणि ती टेबलापाशी आली. आबांनी कानाचं मशीन लावलं.

"आता मशीनं सगळी बंद आहेत," ती म्हणाली. "वॉशर, ड्रायर, रोलर, सगळ्यांचे व्हॉल्व्ह मी आणि आत्याने मिळून बंद केलेत. वाफ फक्त पाइपांत भरलीय. कुणीच वाफ वापरत नाही, तर बॉयलरला पुन्हा पेटायची गरज क्वचितच पडली पाहिजे. तो जितक्या वेळा पेटेल, तितकी वाफ आपण फुकट घालवतोय."

"आणि तू म्हणतेस की एक तृतीयांश वाफ अशी जाते," थोरले म्हणाले.

"हो. मी मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत मोजलंय. टाकीतून बॉयलरला किती पाणी जातं ते."

"बघू."

ते बघत बसले. थोड्या वेळाने बर्नर धडधडून पेटला. आत्याने भुवया उंचावल्या. "कोण वापरतंय हो वाफ?" तिने आबांना मोठ्याने विचारलं.

"मी तर नाही बुवा," आबा म्हणाले. सगळे हसले, थोरलेसुद्धा.

बर्नर थांबला, काटा उतरत गेला, बर्नर पुन्हा पेटला. मग चिमणी सगळ्यांना घेऊन निघाली. एरवी मशीनांच्या घरघरीत कान बधिर होत, पण आज हॉलमध्ये पावलांचा आवाज घुमत होता, आणि त्या शांततेत लाँड्री फुसफुसत होती. रोलरच्या पायथ्याशी एक बारीक शीळ. दुसऱ्या ड्रायरच्या मागे एक सांधा थुंकल्यासारखा आवाज करत होता. भिंतीलगतच्या पाइपावरचं लोकरीचं वेष्टण तीन ठिकाणी उघडं पडलं होतं, तिथे हात जवळ नेववत नव्हता. मागच्या गटारात गरम पाणी पडत होतं आणि त्याबरोबर वाफही.

"वाफेचं काम झालं की तिचं पाणी होतं," चिमणी आबांना सांगत होती. "हा जो लोखंडी डबा आहे ना, ट्रॅप, त्याने पाणी तेवढं बाहेर सोडायचं आणि वाफ अडवून धरायची. हा अडवतच नाही. दार उघडं टाकून झोपलाय."

"आणि पाणी गटारात का?"

"ते परत टाकीत न्यायला हवं. तापलेलं पाणी आहे, आबा. आपण ते फेकतो आणि गार पाणी पुन्हा तापवतो."

आबांनी ओठ मिटून घेतले. थोरले मागे हात बांधून चालत होते. रोलरपाशी थांबून त्यांनी ती शीळ ऐकली. खाली वाकले. पुन्हा ऐकली. इतकी वर्षं आपण या रोलरशेजारून जातोय, त्यांना वाटलं, आणि कानावर हे कधी आलंच नाही. पण बोलले एवढंच, "फिटरला सांगू. यात बॉयलर रद्द करण्यासारखं काय आहे ते दाखव."

चिमणी टेबलापाशी परतली आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसली. तिने पाण्याचा आकडा पाहिला. बर्नर किती वेळ पेटला त्याचा हिशेब केला. मग तो पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा केला.

वाफ जात होती. भरपूर जात होती. पण एक तृतीयांश नव्हे, त्याच्या जेमतेम निम्मी.

बाबा फडक्याला हात पुसत जवळ आले. आकड्यांकडे पाहून त्यांना काही कळत नव्हतं, पण मुलीचा चेहरा त्यांना वाचता येत होता.

"कमी आलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"खूप."

बाबांनी भावाकडे पाहिलं. थोरले आबांना चहा ओतत होते. "सांगून टाक, पुरेल म्हणून," बाबा पुटपुटले. "मी आहे ना बॉयलरवर. मी पुरवतो कशीही. तू जा."

चिमणीने मान वर केली. बाबा आयुष्यात भावासमोर खोटं बोलले नव्हते. तिच्यासाठी ते बोलायला निघाले होते. क्षणभर तिला वाटलं, खरंच, कोण तपासणार आहे? ट्रॅप बदलले, पाइप झाकले, पाणी परत फिरवलं की फरक दिसेलच. नवं काम पुढच्या महिन्यात. तोवर ती परगावी पोचलेली असेल.

आणि मग एका सकाळी रोलर थंड पडेल, चादरी दमट राहतील, आणि हॉस्पिटलाचा माणूस दारात उभा राहील. बाबा वाफ चढवायला व्हॉल्व्हशी झटत असतील.

"नाही बाबा," ती म्हणाली आणि उठली. "आत्या, जेवणाच्या सुट्टीत सगळे ड्रायर बंद असतात ना?"

आत्याचा कप तोंडाशीच थांबला. प्रश्न कुठे चाललाय हे तिला लगेच कळलं. तिसरा ड्रायर जेवणाच्या सुट्टीत कधीच बंद नसे. जाड टॉवेल त्यात घालून बायका जेवायला जात, येईपर्यंत ते सुकलेले असत. चिमणी मोजायला आली तेव्हाही तो फिरत होता. आत्याने 'हो' म्हटलं तर तेव्हाचा आकडा टिकत होता आणि पोर अजून सुटू शकत होती. आत्याला तिला सुटलेलं बघायचं होतं. या हॉलमधून निदान एकीने तरी स्वतःच्या मर्जीने बाहेर पडावं, असं तिला फार वाटे.

पण पोर उत्तरासाठी थांबली होती, आणि तिचा चेहरा असा होता की तिला लबाड उत्तर देणं म्हणजे तिच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसणं.

"तिसरा चालू असतो," आत्या म्हणाली. "टॉवेलांचा."

"म्हणजे त्याची वाफ मी गळतीत धरली." चिमणी काकांकडे वळली. "माझं चुकलं, काका. दुरुस्त्या करायलाच हव्यात, पण तेवढ्याने नवं काम भागणार नाही. सकाळी वाफ कमी पडेल. बॉयलर लागेल, हे तुमचं बरोबर आहे."

आईला वाटलं होतं की या क्षणी छातीवरचं ओझं उतरेल. मागितलं तेच झालं होतं. पण मुलगी टेबलापाशी ताठ उभी होती, एकटी, आणि आईला ते बघवेना.

"ठीक आहे," थोरले म्हणाले. आवाजात विजय नव्हता. जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "एजंट म्हणतो तेवढा मोठा लागेल?"

"नाही. गळती थांबवली आणि पाणी परत फिरवलं तर बराच लहान पुरेल. जुना ठेवायचा आणि सकाळपुरता लहान जोडीला घ्यायचा. असं वाटतंय."

"वाटतंय की आहे?"

"वाटतंय."

थोरल्यांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्यासमोर बसले. "हे बघ. अट गेली चुलीत. तू आकडा लपवू शकली असतीस, एवढं मलाही दिसतं. बिलं लिहायला तुला बसवणं म्हणजे गाढवपणा होता. हा सगळा कारभार तू बघ. बॉयलर, पाइप, वीज, सगळं. बॉयलर केवढा घ्यायचा ते तू ठरव. दारावर तुझं नाव लावू. पगारही देईन, पुतणी म्हणून फुकट राबवणार नाही. उद्यापासून ये."

"दादा, हे बरं झालं," आई पटकन म्हणाली. गडबडीत ती त्यांना भाऊजी म्हणायचं विसरली. "घरचं काम, डोळ्यांसमोर. शिकलीय तेही वाया जाणार नाही."

आबांनी मान डोलावली. यात वाईट काय आहे ते आत्यालासुद्धा सापडेना. एका मिनिटात सगळं घर एका बाजूला जाऊन बसलं, आणि ही बाजू प्रेमाची होती. भांडायला जागाच नव्हती.

काकांनी चिमणीला असं समोर बसून कधीच विचारलं नव्हतं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"काका, एक ड्रायर चालू आहे की बंद, हे मी बघितलं नाही," ती म्हणाली. "आपल्याच लाँड्रीत. जिथे मी वाढले तिथे. आणि तुम्ही मला म्हणताय, बॉयलर केवढा घ्यायचा ते ठरव."

"शिकशील करता करता."

"तुमच्या पैशांवर? बाबांच्या अंगावर?" ती थांबली. "बाबांचा हात भाजला तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. मी पहिल्या वर्षाला असताना कळलं की ते नशीब नव्हतं. व्हॉल्व्हच्या गळ्यात वाफ अडवायला घातलेलं भरण वेळेवर बदलायचं असतं, आणि ते कुणीतरी बघायचं असतं. मला तो बघणारा माणूस व्हायचंय. अर्धवट नाही व्हायचं. तिथे माझ्या चुका पकडणारे लोक असतील. इथे तुम्ही सगळे माझे लाड कराल."

"आणि परीक्षा झाल्यावर? येशील?" थोरल्यांनी विचारलं.

"ते मला आज सांगता येणार नाही. खोटं वचन नाही देत. पण तुमचा बॉयलर चुकू देणार नाही. आमच्या कॉलेजातल्या सरांना मी उद्याच विचारते, ते येऊन मोजतील. मी त्यांच्या हाताखाली उभी राहीन. तोवर एजंटला थांबवा."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तरी जाणार, काका."

ती हे मोठ्याने म्हणाली नाही. पण आबांनी कानाचं मशीन नीट केलं आणि बरोबर ऐकलं. त्यांनी थोरल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबव एजंटला," ते म्हणाले. "बाकीचं तिला कळतंय."

थोरले बराच वेळ टेबलाच्या पत्र्यावर नखाने रेघ ओढत राहिले. मग उठून रोलरपाशी गेले आणि तिथूनच ओरडले, "ती शीळ आधी बंद करा रे! आता डोक्यात बसलीय ती माझ्या!"

बाबा पाना घेऊन धावले. आत्या खो खो हसत त्यांच्या मागे गेली.

आई मात्र बॉयलरखान्याच्या दाराशी परत येऊन उभी राहिली. चिमणी आत जाऊन पाण्याची नळी बघत होती. नळीकडे जाताना तिने वाट वाकडी केली, व्हॉल्व्हच्या समोरून न जाता बाजूने गेली, आणि हात पुढे करण्याआधी फडकं गुंडाळलं. तिचा बाप असा कधी जात नसे. तो सरळ समोरून जाई. आईने हे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

"तिथे," तिने विचारलं, "त्या कागदाच्या कारखान्यात, पायात काय घालतात?"

चिमणीने वळून पाहिलं. आई बॉयलरपासून चार हातांवर, अंग आवळून उभी होती.

"बूट. पुढे पोलाद असतं त्यांच्यात. तिथे देतील म्हणाले, पण माझ्या मापाचे मिळत नाहीत बहुतेक."

"चल मग. दुकानं बंद व्हायच्या आत."

दुकान मुख्य रस्त्यावर होतं, हातोड्यांच्या आणि हेल्मेटांच्या गर्दीत. दुकानदाराने मायलेकींकडे पाहिलं आणि मान हलवली. "लेडीजमध्ये नाही ठेवत हो आम्ही ते."

"लेडीज कुणी मागितले?" आई म्हणाली. "हिच्या पायाला बसतील ते दाखवा."

त्याने माळ्यावरून सगळ्यांत लहान जोड काढला. चिमणीने स्टुलावर बसून नाड्या बांधल्या. आई शाळेचे बूट घेताना करायची तशीच खाली वाकली आणि बोट कुठवर येतं ते बघायला अंगठ्याने पुढचा भाग दाबला. पुन्हा दाबला, सगळा जोर लावून.

"हे दबतच नाहीये गं."

"दबायचं नसतंच ते, आई."

आई तशीच, तिच्या पायावर हात ठेवून, थोडा वेळ बसली. मग उठली आणि दुकानदाराला म्हणाली, "हेच द्या. खोक्यात नको, ती घालूनच येईल."